बिदागीचे आधी बोला

महोदय,

गणपती उठले की दिवाळी पहाटेच्या आयोजकांचे फोन सुरू होतात. मी मिरजेचा तबलावादक. गाण्याची साथ करणे हाच माझा व्यवसाय, घर त्यावरच चालते. फोनवर तारीख, वेळ, गायक कोण, गाणी कोणती, सगळे व्यवस्थित ठरते. बिदागीचा विषय काढला की मात्र समोरचा अडखळतो. ‘यंदा बजेट नाही हो, पण गर्दी मोठी असते, तुमचं नाव होईल.’ कलाकाराने असे फुकटचे कार्यक्रम घ्यावेत का, याबद्दल आमच्यात नेहमी दबक्या आवाजात बोलले जाते. ते उघडपणे बोलावे म्हणून हे पत्र.

अशाच एका पहाटेला मी वाजवले होते. मंडळाचे नाव लिहीत नाही. मांडव, खुर्च्या, एलईडी पडदा, वर ड्रोनचा कॅमेरा आणि दोन्ही बाजूंना प्रायोजकांचे फलक. साउंडवाल्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले होते आणि ते योग्यच होते. आगाऊ पैसे आल्याशिवाय त्याचा टेम्पो हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. आम्हा वादकांच्या हाती शाल, श्रीफळ आणि फराळाचा पुडा आला. त्या मंचावर बिनपैशाचे होतो ते आम्हीच.

साडेपाचच्या कार्यक्रमासाठी आम्ही चारच्या आत मंचावर असतो. गायकाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीची काळी एक, गायिकेची काळी पाच, म्हणजे दोन तबले तरी न्यावेच लागतात. उघड्यावर दव पडते, पुडी म्हणजे तबल्यावरचे कातडे सैल होते, स्वर उतरतो. निवेदक चार वाक्ये बोलेपर्यंत गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडी मारत तिची सोळाही घरे पुन्हा सुरात आणायची असतात. पुडी कायमची नसते. पुडीवरची काळी शाई उडाली की नवी पुडी घालून घ्यावी लागते आणि ती कोणी नाव झाले म्हणून घालून देत नाही.

मी फुकट वाजवतच नाही असे मात्र नाही. आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला संगीत सभा होते. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी तिथे गायनसेवा केली, 1937 साली ते गेल्यावर त्याच आवारात त्यांना दफन केले. आजही देशभरातले कलाकार तिथे बिदागी न घेता हजेरी लावतात. त्या सभेला तिकीट नसते. तिथे वाजवायला मिळावे म्हणून मी स्वतः धडपडतो. गुरुपौर्णिमेला गुरूंच्या घरी, देवळातल्या भजनाला किंवा एखाद्या मित्राच्या पहिल्या बैठकीलाही मी पैसे विचारत नाही. तिथे आयोजकही पदरमोड करत असतो. पण तिकीट लावलेल्या किंवा प्रायोजकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाला सेवा म्हणणे मला पटत नाही.

नव्या मुलांचा प्रश्न अवघड आहे. विशारद झालेल्या मुलाला मंच हवा असतो आणि ‘व्यासपीठ देतो’ म्हणणारा आयोजक त्याला देवासारखा वाटतो. त्या मुलाला मी दोष देणार नाही. पण यंदा फुकटात वाजवणारा मिळाला की पुढच्या वर्षी पैसे मागणाऱ्याला फोनच येत नाही. तोच मुलगा तीन-चार वर्षांनी बिदागी मागू लागला की त्याच्या जागी दुसरा नवा मुलगा बसवतात. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी सांगतो, की पैसे थोडे असले तरी चालतील, पण मागा; आणि येण्याजाण्याचा खर्च कधीही स्वतःच्या खिशातून करू नका.

मुख्य गायक-गायिकांनाही एक सांगायचे आहे. तुमची बिदागी ठरते तेव्हा साथीदारांची वेगळी ठरवून घ्या. ‘तू घरचाच आहेस, समजून घे’ हे आम्ही फार वर्षे ऐकत आलो.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी संपूर्ण चित्रीकरण यूट्यूबवर दिसते, आम्हाला कुणी विचारलेलेही नसते. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आहे, तो 50 वर्षे टिकतो आणि त्यात वादकही येतो. चित्रीकरण करायचे असेल तर आधी आमची संमती घ्यायला हवी.

दिवाळी पहाटेची निमंत्रणे आता निघतील. आयोजकांना विनंती, की पहिल्याच फोनवर प्रत्येक वादकाच्या बिदागीचा आकडा सांगा आणि मांडववाल्याला आगाऊ पैसे देता त्याच दिवशी आम्हालाही काही रक्कम द्या. पैसे खरेच नसतील तर तसे स्पष्ट सांगा, प्रायोजकांचे फलक लावू नका. मग यायचे की नाही ते आम्ही ठरवू. आणि वादक मित्रांनो, असा फोन आला की हो म्हणण्याआधी एकमेकांना विचारा.

आपला,
एक तबलावादक, मिरज
(कृपया नाव छापू नये.)