तागा गावच्या मंडळींचे आभार

प्रशांत महासागरातल्या सामोआ देशाच्या सवाई बेटावर, तागा गावाजवळची आलोफाआगाची उसळती विवरं आम्हाला निवांत पाहता आली ती तिथल्या माणसांमुळे. लाट खालून थिजलेल्या लाव्हाच्या नळीत घुसते आणि अरुंद तोंडातून पाणी गर्जत उंच उडतं. नेमक्या क्षणी त्यात नारळ टाकणाऱ्या आजोबांचे आभार; तो आभाळात भिरकावला गेला तेव्हा आमची आई चक्क टाळ्या पिटत होती! निसरड्या काळ्या खडकांवरून तिला हाताला धरून नेणाऱ्या ताईंचे आणि फार पुढे सरकलेल्या मुलांना मागे ओढणाऱ्या दादांचेही आभार. सामोअन आम्हाला येत नाही, दरडावणं मात्र बरोबर कळलं. गाव प्रवेशाचे पैसे घेतं, पण ही माया त्यात धरलेली नव्हती. फाअफेताई लावा, म्हणजे सामोअनमध्ये खूप खूप आभार, मंडळी!