आईला वास येत नाही त्याबद्दल, दोघांनी बसून वाचा

आई, बाबा,

फोनवर हे नीट बोलून होत नाही, आई "असू दे गं, वय झालं आता" म्हणून विषय बदलते आणि बाबा लगेच फोन ठेवायच्या घाईत, म्हणून लिहूनच पाठवतेय.

आई, हे वयाचं नाहीये. वयामुळे वास कमी होतो तो हळूहळू, वर्षं जातात त्यात, तुझा त्या तापानंतर एकदम गेला. व्हायरलनंतर असं पूर्वीपासून होतंय, २०२० नंतर फक्त घरोघरी कळलं. नाकात अगदी वर वास ओळखणाऱ्या पेशी असतात, तिथलं अस्तर बिघडतं, पण त्या पेशी पुन्हा तयार होऊ शकतात, महिने लागतात इतकंच. जीभ तुझी ठीक आहे, म्हणून श्रीखंड गोड लागतं पण वेलची-केशर गायब, कारण तो स्वाद घशाच्या मागून नाकात जाऊन कळतो. मिरची झोंबते कारण तिची नसच वेगळी.

बाबा, हे तुमच्यासाठी. लसणीची फोडणी घातली की ती गॅलरीत जाऊन उभी राहते, कॉफीला कुजका वास येतो म्हणते, ते नखरे नाहीत हो, याला पॅरोस्मिया म्हणतात, कांदा लसूण कॉफी अंडी यांचं असं खूप जणांना होतं, आणि बऱ्याचदा नसा परत जुळायला लागल्या की होतं. तिला जेवायचा आग्रह नको. गरम आणि तळलेल्याचा वास जास्त त्रास देतो, तर दहीभात, काकडीची कोशिंबीर, वर कुरकुरीत पापड असं गारगार चालेल. आई, चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नकोस, बीपी आहे तुला, लिंबू पिळ, मिरपूड घाल. आमटीचं मीठ आता बाबाच बघतील.

मागच्या खेपेला तू दुधाचं पातेलं नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी होतीस आणि मग काही न बोलता बाबांच्या हातात दिलंस, ते डोळ्यासमोरून जात नाहीये माझ्या. एरवी जिन्यातूनच ओळखायचीस कोणाकडे काय शिजतंय ते. त्यामुळे गॅसची मला खरंच भीती वाटते. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात आणि तोच तुला येणार नाही. बाबा, रात्री रेग्युलेटर तुम्ही बंद करायचा, रोज, आणि गॅस डिटेक्टर मी मागवलाय. फ्रीजमधल्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी लावा.

आणि वासाचा व्यायाम. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये हे करून दाखवलं, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, सकाळ-संध्याकाळ, एकेक साधारण १० सेकंद, निदान १२ आठवडे. जोरात ओढायचं नाही, हळू, आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. बाबा, मंडईत जाल तेव्हा रविवार पेठेतून गुलाबाचं अत्तर आणि निलगिरी तेल आणा, लवंगा घरातल्याच पण ताज्या बघा. सगळ्यांचं परत येतं असं नाही आई, पण यात नुकसान काही नाही आणि तू मधेच सोडू नयेस असं मला फार वाटतं. कोणी सांगितलं म्हणून नाकात तेल किंवा मेडिकलमधून स्टिरॉइड, प्लीज नको.

शनिवारी मी येतेय, सकाळचीच ईएनटीची वेळ घेतलीये, तापाच्या वेळचे कागद आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेवा.

तुमची,
मनू