शिऱ्या, न विचारता छापलंय

प्रिय शिऱ्या,

दोन वर्षांनी पत्र, तेही गुन्हा करून. तब्येत ठीक, गुडघा सोडला तर.

आपलं कॉमिक, 'कंडक्टर काशिनाथ', मी छापलं. आईच्या ट्रंकेत वही सापडली, तुझ्या शाईच्या बोटांसकट. कोपऱ्यावर झेरॉक्स काढून पन्नास प्रती घरीच दुमडल्या, मधोमध दोन-दोन पिना. तिसरा कागद मात्र उलटा दुमडला, पन्नासच्या पन्नास! पाचाआधी पुढची पानं. काशिनाथ आधी गाडीतून पडतो, मग चढतो.

हे खूळ हार्वी पेकारचं. क्लीव्हलंडला माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात फायली लावणारा कारकून, म्हणजे मीच की! चित्रात माझ्याइतकाच ढ. १९७२ मध्ये त्यानं काड्यांची माणसं काढून गोष्टी लिहिल्या नि मित्रापुढं ठेवल्या. मित्र कोण, तर कॉमिकं काढणारा चित्रकार रॉबर्ट क्रम्ब. जुन्या जॅझच्या तबकड्यांपायी जमलेली दोस्ती. याच क्रम्बचं 'झॅप' हे कॉमिक १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीतून विकलं गेलं. बड्या कंपन्यांच्या कॉमिकांवर १९५४ पासून, काय छापावं नि काय नाही हे ठरवणाऱ्या सोवळ्या 'कोड'चा शिक्का असे. क्रम्बसारख्यांना तो नकोच होता, म्हणून ही पुस्तकं हिप्पींच्या चिलमींच्या दुकानांत खपायची. तर क्रम्बनं पेकारचे ते कागद घरी नेऊन चित्रं काढली, आणि १९७६ पासून पेकार पदरमोड करून वर्षाकाठी 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाच्या कॉमिकचा एक अंक काढू लागला. नायक तो स्वतःच, फायलींसकट. नोकरी सोडली नाही पठ्ठ्यानं.

क्रम्बनं कागद उचलले. मी काय केलं? तुझी चित्रं बघून म्हणालो, 'माझी गोष्ट मारलीस.' त्यानंतर तू ब्रश धरला नाहीस. परवा पानं लावताना बघितलं, पावसातल्या स्टँडचं ते पान. माझं एक वाक्य नाही त्यात. सगळ्यांत बरं तेच.

आधी नाव कुणाचं, यावरून बारावीत महिनाभर अबोला धरलेलास ना? या वेळी तुझं वर टाकलंय. (गुडघा दुखतोय म्हणून मऊ झालोय, सवय लावून घेऊ नकोस.)

वीस रुपयांना एक, बत्तीस खपल्या. तुझे तीनशे वीस बाजूला ठेवलेत. एका मुलीनं विचारलं, पुढचा भाग कधी? तू काशिनाथला दारात लटकवून ठेवलायस, मी काय सांगणार?

वहिनींची बदली झाली का? चिंगीची दहावी ना यंदा? काकांना नमस्कार.

सोबत पाच प्रती, तिसरा कागद तूच सुलटा करून घे. आणि पुढच्या भागाची चार पानं. काड्यांची माणसं आहेत. टोपीवाला तो काशिनाथ. हसू नकोस.

तुझा,
बंड्या