बॅरन बेटावर पांढरी वाळू कुठून आली?

मा. संपादक,

परवा तुमच्या पेपरात अंदमानच्या बॅरन या ज्वालामुखी बेटावरची बातमी वाचली, बातमी छानच होती पण सोबतचा फोटो बघून खरंच वाईट वाटलं. पांढरी वाळू, कलंडलेले माड, निळं उथळ पाणी. निर्जन बेट म्हटलं की हाच फोटो टाकायचा असं ठरलंय का?

मी हे बेट बोटीतून पाहिलंय, उतरू देत नाहीत, लांबूनच. पूर्वेकडून नुसतं जंगल दिसतं, हिरवागार चढ, वाटतं यात काय ज्वालामुखी. मग बोट वळसा घालून पश्चिमेला आली आणि ती हिरवी भिंत एकदम तुटली, आत काळाकुट्ट डोंगर आणि तिथून थेट पाण्यापर्यंत उतरलेला लाव्हा, ओबडधोबड, गवताचं पातंसुद्धा नाही त्यावर. जुन्या स्फोटांनी मोठं गोल विवर झालंय, जवळपास 2 किमी रुंद, त्याची कड पश्चिमेला फुटलीये म्हणून लाव्हा तिकडूनच समुद्रात जातो. साधारण दीडशे वर्षं शांत राहून 1991 ला हा डोंगर परत जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतोच आहे.

आणि उथळ पाण्याचं म्हणाल तर बेट जेमतेम 3 किमी रुंद, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच, पण पाण्याखाली हाच डोंगर 2 किलोमीटरपेक्षा खोल गेलाय. आपल्याला दिसतो तो फक्त शेंडा. खाली भारतीय प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक भलामोठा तुकडा, शेजारच्या बर्मा प्लेटच्या खाली सरकतेय म्हणून हे सगळं. उत्तरेचं नारकोंडमही ज्वालामुखीचंच बेट, फक्त ते झोपलेलं.

माणूस राहत नाही म्हणजे तिथे काहीच नाही असंही नाही हो, बाहेरच्या उतारावर कोणे एके काळी माणसांनी सोडलेल्या शेळ्यांची पिल्लावळ अजून टिकून आहे, पक्षी आहेत, वटवाघळं आहेत.

माझ्या भाचीने तुमचा तो फोटो कापून शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवला आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, बॅरन बेट. तर विनंती एवढीच की खरा फोटो आणि जमलं तर समुद्राच्या तळापासून शेंड्यापर्यंतची एक आकृती छापा. तिला मी समोरचं पान कोरं ठेवायला सांगितलंय.

एक नियमित वाचक