आमच्या थांबण्याचाही हिशोब व्हावा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी पुण्यात धनकवडीला राहतो. साडेपाच वर्षं ऑनलाइन ऑर्डरची डिलिव्हरी करतोय. आधी जेवणाची करायचो, आता किराण्याची करतो.

गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता कंबरेतून कळ निघाली आणि भाऊ मला दवाखान्यात घेऊन गेला. मुतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मी सांगितलं, सकाळी निघताना एक तांब्या, दुपारी चारच्या सुमाराला अर्धी बाटली, मग एकदम रात्री घरी आल्यावर. उन्हातान्हात गाडी चालवता आणि एवढंच पाणी, असं ते म्हणाले. तेव्हा खरं कारण सांगावं लागलं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि जायला जागा नसते. हॉटेलवाले म्हणतात, आतलं टॉयलेट गिऱ्हाइकांसाठी आहे. सोसायटीचा वॉचमन स्वतःची नोकरी सांभाळून नको म्हणतो. सार्वजनिक मुतारी शोधत फिरावं तर ऑर्डरला उशीर होतो. म्हणून आमच्यातले कितीतरी जण पाणीच तोडतात. आमच्या स्टोअरवर दोन मुलीही डिलिव्हरी करतात. त्यांचे काय हाल होत असतील, याची कल्पना आपण करू शकता.

नऊ दिवस घरी पडून होतो. परत लॉगिन केलं तर संध्याकाळचे चांगले स्लॉट, म्हणजे कामाच्या वेळा, मला दिसेनात. टीम लीडर म्हणाला, आधी हजेरी नीट होऊ दे, मग येतील. तोही पगारी माणूस, त्याच्या हातात काही नाही. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता मी मेव्हण्याकडून उसने घेऊन भरला.

साहेब, आमचं काम म्हणजे गाडी पळवणं, असं लोकांना वाटतं. पण त्यात थांबणंच फार आहे. मी वही ठेवतो, त्यातला जुलैमधला एक रविवार सांगतो. सकाळी साडेनऊला लॉगिन केलं, रात्री अकरा चाळीसला लॉगआऊट. 27 ऑर्डर झाल्या. ऑर्डर हातात असलेला वेळ मोजला तर आठ तास दहा मिनिटं. मधले सहा तास मी कुठे होतो? स्टोअरबाहेरच्या कट्ट्यावर, पाऊस वाढला तेव्हा शेजारच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली, रेनकोट अंगावर तसाच. डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि टोन वाजला. ऑर्डर सोडली तर नोंद होते, म्हणून डबा बंद केला. उरलेली भाकरी खाल्ली तेव्हा साडेपाच वाजले होते. त्या सहा तासांत ना मी घरी होतो, ना सुट्टीवर, आणि त्याचा एक रुपयाही मिळाला नाही. मला ऑर्डर द्यायला तीन मिनिटं उशीर झाला तर ॲपला कळतं. मी सहा तास हजर होतो, हेही त्याच ॲपला माहीत असतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: तुम्ही स्वतंत्र आहात, मनात येईल तेव्हा लॉगिन करा, नको तेव्हा बंद करा. पण शनिवार-रविवार दोन्ही दिवस पूर्ण भरले तरच आठवड्याचा इन्सेंटिव्ह मिळतो, आणि तो सोडला तर पेट्रोल आणि हप्ता वजा जाता हातात फारसं उरत नाही. माझी मुलगी तिसरीत आहे. तिला सुट्टी रविवारी, मला झालीच तर मंगळवारी. ती शाळेतून आल्यावर आम्ही दोघं एका ताटात जेवतो, तेवढीच आमची भेट.

आपल्याच राज्यात नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. 1884 साली त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. रविवारची सुट्टी हवी आणि दुपारी जेवायला अर्धा तास हवा, या मागण्या त्यात होत्या. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी आज सगळा देश घेतो, आणि त्या सुट्टीत घरी बसलेल्या लोकांना सामान पोचवायला आम्ही बाहेर असतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ऑर्डर आल्या तर माझं घर चालतं. पण जेवायचा तो अर्धा तास आम्हाला आजही मिळालेला नाही.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम आमच्यासाठीच्या निधीत भरायची, अशी तरतूद त्यात आहे. त्यातून अपघात विमा, औषधपाणी, म्हातारपणाची सोय होईल. ते हवंच आहे. पण कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, किमान मोबदला याबद्दल ती संहिता आमच्यासाठी काही सांगत नाही, आणि हे विषय ज्या संहितांमध्ये आहेत त्यात आम्ही कामगार म्हणून धरले जात नाही. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर कंपन्यांच्या जाहिरातीतलं ‘10 मिनिटांत सामान घरपोच’ जाऊ लागलं. चांगलं झालं. पण माझ्या फोनवरचं घड्याळ पूर्वीसारखंच धावतं.

आमचा एक मालक ठरत नाही म्हणून कायदा लावता येत नाही, असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही. माझे चुलते मार्केट यार्डात हमाल होते. दिवसात पाच-सहा गाळ्यांवर पोती उचलायचे, म्हणजे त्यांचाही मालक एक नव्हता. तरी त्यांना फंड होता, रजेचा पगार होता. 1969 च्या माथाडी कायद्याने ते जमवलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराचा पगार, फंड, रजा, दवापाणी बघायचं. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारखी माणसं त्यासाठी आयुष्यभर झटली. तेव्हा हिशोब कागदावर ठेवायचे. आज तर प्रत्येक ऑर्डर आणि प्रत्येक मिनिट आधीच नोंदलेलं असतं.

राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये आमच्यासारख्यांसाठी वेगळा कायदा केला. कर्नाटकात कामगाराचा आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद करण्याआधी कंपनीला कारण सांगून 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्राने याच्या पुढे जावं, अशी माझी विनंती आहे. माथाडीच्या धर्तीवर आमचं मंडळ करा. लॉगिनपासून लॉगआऊटपर्यंतचा वेळ कामाचा धरा आणि त्याला किमान दर बांधा. आठवड्यातून एक दिवस आणि दुपारी अर्धा तास फोन बंद ठेवला तर स्लॉट, रेटिंग, इन्सेंटिव्ह कशालाही धक्का लागू नये. आजारपणाच्या कागदावर आयडी आणि स्लॉट आहे तसा राहावा. आणि कायदा होईपर्यंत थांबावं लागू नये अशी एक गोष्ट: चेन्नई महापालिकेने 2025 मध्ये डिलिव्हरी कामगारांसाठी बसायची जागा आणि टॉयलेट असलेली विश्रांतीगृहं सुरू केली. आपण पुणे, मुंबई, नागपूर, नाशिकच्या महापालिकांना एवढं सांगू शकता. डार्क स्टोअर, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरचा माल ठेवायची आमची स्टोअर, चालवणाऱ्यांना तर कामगारांसाठी टॉयलेट आणि पिण्याचं पाणी सक्तीचंच करा.

आमचं म्हणणं ऐकायला आपण बैठक ठेवलीत तर कृपा करून मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारी तीन ते पाच ठेवा. त्या वेळेला ऑर्डर कमी असतात. माणसं येऊ शकतील.

आपला,
एक डिलिव्हरी कामगार
धनकवडी, पुणे