जांभ्याचा रंग

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

कलाशाळेत कधीही न गेलेला माणूस अमूर्त चित्रे काढतो, तेव्हा तो नेमका कशावर विसंबून असतो, असे तू विचारले आहेस. चित्रात झाड किंवा माणूस असला की ते जमले की नाही हे ताडून पाहायला काहीतरी समोर असते. इथे तो आधार नाही आणि गुरूही नाही, मग निर्णय घ्यायचा कशाच्या जोरावर, ही तुझी शंका रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की मी रंग या पदार्थावर विसंबतो.

आमच्याकडचे जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, तू पाहिल्या आहेस. खाणीतून निघालेला चिरा आधी मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. यलो ऑकर आणि सिएना हे मातीचे रंगही त्याच लोहाचे, आणि कच्चा सिएना भाजला की त्यातले पाणी जाऊन तो तांबूस होतो. माझ्या ट्यूबमधला रंग आणि परसातला दगड यांचे हे नाते समजल्यापासून मी गडग्याकडे फार वेळ पाहू लागलो. पावसात त्यावर शेवाळ धरते, उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते, पुढच्या पावसात पुन्हा हिरवे होते, आणि तळाचा तांबडा या सगळ्यांतून डोकावत राहतो. मी गडगा रंगवत नाही. खालचा थर वरच्या थराला जे देतो, ते मला कॅनव्हासवर घडवायचे असते.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त ठेवावे लागते. उलट केले तर वरच्या थराला तडे जातात. एका थरानंतर पुष्कळ थांबावे लागते, आणि चित्राविषयीचे माझे बहुतेक निर्णय त्या थांबण्यात होतात.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे नाव इथे यायलाच हवे. ते स्वयंशिक्षित नव्हते. 1948 मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली होती. पण पुढे त्यांनी आकृती सोडली, कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची, खरवडायची सुरी) हाती घेतले, रंग लावला, खरवडला, पुन्हा लावला, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी केली. झेन विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, हे बहुतेक लेखांत येते; मला मात्र त्यांच्या चित्रांतला हाताचा संयम अधिक शिकवून जातो. प्रकाश वरून टाकलेला वाटत नाही, आतून वर आलेला वाटतो, आणि तो थरांमधून कसा आला असेल याचा माग काढणे हेच माझे शिक्षण ठरले.

धीर मात्र मला कवी रवींद्रनाथ टागोरांकडून मिळाला. त्यांची चित्रे अमूर्त म्हणता येणार नाहीत, पण चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसताना ते साठीनंतर या कलेकडे गंभीरपणे वळले. हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांना आकार सापडत गेले, आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले. खोडलेली रेघसुद्धा लय धरू शकते, हे त्यांच्या त्या पानांवर स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच मी खरवडलेला रंग पूर्ण पुसून टाकत नाही.

चित्र पुरे झाले हे कसे ओळखतोस, हा तुझा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. चित्रातली एखादी जागा फार देखणी होऊन बाकीच्या चित्राला गप्प करू लागली, तर ती मला झाकावी लागते, मग ती कितीही आवडती असो. तशी एकही जागा उरली नाही आणि नजर कुठेही न अडता फिरू लागली की मी हात धुतो. शीर्षक देत नाही, कारण नाव वाचले की लोक चित्रात तीच वस्तू शोधू लागतात. सध्या एक मोठा कॅनव्हास चालू आहे आणि त्याचा डावा कोपरा अजून असाच बाकीच्यांवर दडपण आणतो आहे. दिवाळीत आलास की तो पाहून तुला काय वाटते ते सांग. तू चित्रकार नाहीस, म्हणूनच तुझे मत मला हवे आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र