पन्नास मिनिटांत मुंबई?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील हवाई अंतरांच्या कोष्टकाने नागपूरकरांची चांगलीच करमणूक केली. नागपूर ते मुंबई अंतर 370 किलोमीटर आणि प्रवास 50 मिनिटे, असे आपण छापले आहे. 370 हे सागरी मैल आहेत; एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असल्याने प्रत्यक्षातले सरळ हवाई अंतर 685 किलोमीटरच्या आसपास भरते. वेळ काढताना मात्र या 685 ला ताशी 800 किलोमीटर वेगाने भागलेले दिसते. कोष्टक तयार करणाऱ्याची ही हुशारी वाखाणण्याजोगी असली, तरी हवेतले विमान रस्त्यावरचे मैलाचे दगड मोजत गेल्यासारखे एकाच वेगाने पुढे सरकत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतची असते, म्हणून कंपन्या दीड तास किंवा त्याहून अधिक धरतात.

असल्याच ‘तासाभरात मुंबई’ हिशेबावर विसंबून मी गेल्या वर्षी पुतण्याच्या साखरपुड्यासाठी सकाळच्या विमानाने निघालो. उड्डाण वेळेवर झाले, याबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशातच रांग लावावी लागते. आमचे विमान घिरट्या घालत होते, खिडकीतून तीच खाडी आणि तेच डोंगर पुन्हा पुन्हा दिसत होते, आणि मी संत्रा बर्फीचा डबा मांडीवर घेऊन घड्याळाकडे पाहत बसलो होतो. उतरल्यावरही विमान उभे करायला जागा रिकामी नव्हती. सामान येईपर्यंतचा वेळ आणि पुढे डोंबिवलीपर्यंतचा रस्ता यांना तर आपल्या कोष्टकात रकानाच नाही. मी सभागृहात पोहोचलो, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगत उठत होती. “काका, विमानाने आलात ना? मग आम्ही उगाचच तुमच्यासाठी थांबलो नाही,” असे खुद्द नवरदेवाने सर्वांसमोर ऐकवले.

शिवाय 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली असताना नुसते ‘मुंबई’ लिहून भागत नाही. हवेतल्या अंतरात फारसा फरक पडत नसेल. पनवेलला जाणाऱ्याला आणि बोरिवलीला जाणाऱ्याला जमिनीवर तो चांगलाच पडतो.

कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती कोष्टक होते त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापावी.

ता. क. : पूर्वी आपण नागपूर स्थानकावरील गाड्यांच्या वेळा देत असा. तो रकाना कोणतीही सूचना न देता बंद का केला? विदर्भ एक्स्प्रेसने निघालो असतो, तर सकाळी वेळेत पोहोचलो असतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नागपूर